महापेच्या रॅकमधला पेमेंट स्विच आर्म प्रोसेसरवर नेताना

नवी मुंबईच्या महापे, रबाळे, ऐरोली या पट्ट्यातल्या डेटा सेंटरमध्ये रॅक भाड्याने घेऊन पेमेंटची कामं चालवणाऱ्या मध्यम आकाराच्या कंपन्या पुष्कळ आहेत. नव्या सर्व्हरची खरेदी जवळ आली की त्यांच्या बैठकांत हल्ली एक प्रश्न हमखास निघतो : नेहमीच्या एक्स८६ (इंटेल, एएमडी) प्रोसेसरऐवजी वेगळ्या रचनेचे, कमी वीज खाणारे आर्म प्रोसेसर घ्यायचे का? आम्ही घेतले. जून २०२४ ते जुलै २०२५ असं हे काम चाललं. प्रोसेसर बदलणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग होता. वेळ खाल्ला तो त्याच्या आजूबाजूच्या गोष्टींनी, म्हणून त्यांच्याबद्दलच जास्त लिहितो.

आधी यंत्रणा काय होती ते. एटीएम आणि स्वाइप मशीनकडून येणारे आयएसओ ८५८३ (कार्डाच्या व्यवहारांचा ठरलेला साचा) संदेश घेऊन ते कार्ड नेटवर्ककडे आणि बँकांकडे पाठवणारा स्विच. तो बहुतांशी जावामध्ये, पण संदेश फोडणारा आणि जोडणारा जुना भाग सी++ मध्ये. शेजारी यूपीआयच्या संदेशांवर सही करून ते पुढे पाठवणारी सेवा. व्यवहारांच्या नोंदी पोस्टग्रेस-एसक्यूएलमध्ये, सेटलमेंट ओरॅकलवर. पिनचं सगळं काम नेटवर्कवरून जोडलेल्या एचएसएममध्ये (गुप्त की सांभाळणारं वेगळं सुरक्षित यंत्र). ओरॅकलला आम्ही हात लावला नाही. १९सी आवृत्ती २०२३ पासून आर्मवर मिळते, पण रात्री चालणाऱ्या सेटलमेंटमध्ये वाचणारी वीज नगण्य आणि जोखीम मोठी.

वीज कुठे जाते

निमित्त साधं होतं : रॅकमध्ये जागा होती, वीज नव्हती. रॅकला ३२ अँपिअरचे दोन फीड येतात, ए आणि बी. २३० व्होल्टला एक फीड म्हणजे जेमतेम ७.३ केव्हीए, आणि सलग चालणाऱ्या भारासाठी त्यातलं ८० टक्केच वापरायचं, म्हणजे ५.९. फीड दोन आहेत म्हणून वीज दुप्पट मिळत नाही. एक पडला की सगळा भार दुसऱ्यावर येतो, त्यामुळे दोन्ही मिळून भार एकाच फीडच्या मर्यादेत बसायला हवा. पीडीयूच्या (रॅकमध्ये वीज वाटणाऱ्या पट्टीच्या) पडद्यावर दोन्हीकडे तीन-तीन केव्हीए दिसायला लागले की रॅक भरला असं समजायचं. वाढीव केव्हीए मागितले तेव्हा ‘पुढच्या फेजमध्ये’ असं उत्तर आलं, आणि ती फेज कधी सुरू होणार हे कुणी लेखी द्यायला तयार नव्हतं. यूपीआयचे देशभरातले व्यवहार ऑगस्ट २०२३ मध्येच महिन्याला हजार कोटींच्या वर गेले होते (ऑगस्ट २०२५ मध्ये दोन हजार कोटींच्या वर). भार वाढणार हे उघड होतं.

मोजणी करताना सर्व्हरच्या पॉवर सप्लायवर छापलेला वॅटचा आकडा धरू नका, तो कमाल क्षमतेचा असतो. मीटर असलेल्या पीडीयूवरून किंवा सर्व्हरच्या बीएमसीवरून (सर्व्हरवर नजर ठेवणारी त्यातलीच छोटी चिप) दर पाच मिनिटांनी रीडिंग घ्या, आणि ते पूर्ण महिनाभर. पेमेंटचा भार पगाराच्या पहिल्या आठवड्यात आणि संध्याकाळी सहा ते नऊ चढतो. पहाटे तीनला तेच सर्व्हर जवळजवळ रिकामे असतात. म्हणून इथे कमाल भाराच्या वॅटइतकाच रिकाम्या मशीनचा वॅट महत्त्वाचा. आमचे २०१८ सालचे दोन सॉकेटवाले (दोन प्रोसेसरचे) सहा सर्व्हर रिकामे असतानाही प्रत्येकी दोनशे वॅटच्या आसपास खात होते, महिन्याची सरासरी तीनशे. एका व्यवहाराला किती ऊर्जा लागते तेही काढा. वॅटला सेकंदाच्या व्यवहारांनी भागलं की ज्यूल मिळतात : ३०० वॅटवर सेकंदाला ६०० व्यवहार म्हणजे व्यवहारामागे अर्धा ज्यूल. पहाटेचा हाच आकडा कितीतरी पट मोठा येतो आणि वीज नेमकी कुठे वाया जाते ते कळतं.

पर्याय तीन होते. क्लाउड हा पहिला. रिझर्व्ह बँकेच्या ६ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकाप्रमाणे पेमेंटचा डेटा भारतातच ठेवावा लागतो, पण मुंबईत क्लाउडचा रीजन २०१६ पासून आहे, तेव्हा अडचण ती नव्हती. बँकांच्या लीज्ड लाइन आणि एचएसएम महापेच्या रॅकमध्ये आहेत, आणि ते हलवणं म्हणजे दुसराच प्रकल्प. दुसरा पर्याय कमी विजेचे एक्स८६ : एएमडीची सप्टेंबर २०२३ मध्ये आलेली एपिक ८००४ मालिका (६४ कोर, २०० वॅटचं मॉडेल) किंवा इंटेलचा जून २०२४ मधला ई-कोरवाला झिऑन ६ (१४४ कोरपर्यंत). तिसरा अँपिअर कंपनीचा आर्म प्रोसेसर, अँपिअर आल्ट्रा : ८० कोर, ३.० गिगाहर्ट्झ, २१० वॅट, एका कोरवर एकच थ्रेड.

माझं स्पष्ट मत असं की, ज्या सॉफ्टवेअरचा सोर्स कोड तुमच्याकडे नाही असा एक जरी महत्त्वाचा भाग स्विचमध्ये असेल, तर दुसरा पर्याय घ्या आणि पुढचं सगळं विसरा. आमच्याकडे सगळा सोर्स होता म्हणून तिसरा घेतला.

आधी यादी, मग खरेदी

जुलैमध्ये सर्व्हरवर चालणाऱ्या प्रत्येक बायनरीची यादी केली. आपला कोड ठाऊक असतो. राहून जातात त्या जावाच्या जार फायलींच्या पोटात दडलेल्या नेटिव्ह लायब्ररी (ठरावीक प्रोसेसरसाठीच बनवलेला तयार कोड). कॉम्प्रेशन, टीएलएस, रॉक्सडीबीसारखा स्टोअर, या सगळ्यांत एक्स८६ साठीची ‘डॉट एसओ’ फाइल असते. बहुतेकांच्या नव्या आवृत्तीत आर्मचीही असते, जुन्यात नसते. जार उघडून शोधणारी छोटी स्क्रिप्ट एका दुपारचं काम आहे. जावा निदान ११ हवं, १७ असेल तर उत्तम. आर्मसाठीच्या बऱ्याच सुधारणा जेडीके ९ आणि ११ मध्ये आल्या.

दुसरी यादी एजंटांची (सर्व्हरवर पाळतीची वगैरे कामं करणारी छोटी सॉफ्टवेअर), आणि खरा उशीर इथेच होतो. फायलींतले बदल पकडणारा, अँटिव्हायरस, लॉग पाठवणारा, बॅकअपचा, अ‍ॅडमिनचे पासवर्ड सांभाळणारा, व्हल्नरेबिलिटी स्कॅनरचा. प्रत्येक विक्रेत्याला एकच प्रश्न ईमेलने विचारला : आमच्या लिनक्सच्या नेमक्या आवृत्तीवर, ६४ बिट आर्मवर, तुमचा एजंट अधिकृतपणे चालतो का? फोनवर सगळे ‘हो’ म्हणतात. लेखी उत्तर यायला महिना-दीड महिना लागला, आणि एका विक्रेत्याने शेवटी ‘रोडमॅपवर आहे’ असं कळवलं. फायलींतल्या बदलांचं काम त्या सर्व्हरपुरतं एड (एआयडीई) या साधनावर आणि लिनक्सच्या ऑडिट सेवेवर नेलं. दोन्ही आर्मवर नीट चालतात. मात्र त्यांचे अलर्ट मध्यवर्ती लॉगमध्ये येतात हे ऑडिटरला दाखवावं लागतं.

तिसरा प्रश्न एचएसएमचा. पेमेंट एचएसएमशी टीसीपीवर होस्ट कमांड पाठवून बोलत असाल तर प्रोसेसर कुठलाही चालतो. संदेशाचे बाइट तेच राहतात. एचएसएमशी बोलण्यासाठी पीकेसीएस ११ लायब्ररी वापरत असाल तर तिची आर्मची बिल्ड विक्रेत्याकडे आहे का ते ऑर्डर देण्याआधी बघा. सर्व्हरच्या आत बसणारं एचएसएम कार्ड असेल तर ड्रायव्हरपाशी गाडी अडण्याची शक्यता मोठी. मधे एक्स८६ चा छोटा प्रॉक्सी ठेवून मार्ग काढता येतो, पण लेटन्सी (उत्तराला लागणारा वेळ) वाढते आणि ऑडिटच्या कक्षेत आणखी एक मशीन येतं. मी तो मार्ग सुचवणार नाही.

क्लाउडवर चाचणी आणि निघालेल्या गोष्टी

हार्डवेअर हातात येण्याची वाट बघायची गरज नाही. एडब्ल्यूएसच्या (अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडच्या) ग्रॅव्हिटॉन२ या आर्म प्रोसेसरमध्ये निओव्हर्स एन१ हाच कोर आहे जो अँपिअर आल्ट्रात आहे. मुंबई रीजनमध्ये असं मशीन तासावर भाड्याने घेऊन, खोट्या कार्ड नंबरांवर, ऑगस्ट-सप्टेंबर दोन महिने सगळं तपासलं. बिल तीस हजारांच्या आत राहिलं कारण मशीन रात्री बंद केलं जायचं. ते आपोआप बंद होईल अशी सोय पहिल्याच दिवशी करा.

कंटेनर इमेज (सॉफ्टवेअर त्याच्या सगळ्या गरजांसह बांधलेलं गाठोडं) हा पहिला अडथळा. ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ दिसली की समजावं, इमेज चुकीच्या प्रोसेसरची आहे. आमच्या बिल्ड फायलींत बेस इमेज डायजेस्टने (इमेजची नेमकी ओळख सांगणाऱ्या हॅशने) पक्की केलेली होती, जी एरवी चांगली सवय आहे. पण तो डायजेस्ट फक्त एक्स८६ च्या इमेजचा होता, दोन्ही प्रोसेसरांना सामावणाऱ्या इंडेक्सचा नव्हता. आर्मच्या इमेज क्यूईएमयूखाली (दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) बनवू नका. वेळ अनेक पट लागतो, आणि पुढे सांगतो तसले मेमरीचे दोष तिथे लपून राहतात.

मग सी++ चा भाग. लिनक्सवर एक्स८६ मध्ये साधा ‘कॅर’ (एका बाइटचा प्रकार) साइन्ड असतो, म्हणजे ऋण संख्याही धरतो; आर्मवर अनसाइन्ड. ऐकायला किरकोळ वाटतं, पण पेमेंटच्या संदेशांत वरचा बिट लागलेले बाइट जागोजागी असतात. चिपचा डेटा फील्ड ५५ मध्ये टॅग, लांबी, मूल्य अशा रचनेत येतो. लांबीच्या बाइटचा वरचा बिट लागलेला असेल, उदाहरणार्थ हेक्स ८१, तर खरी लांबी पुढच्या बाइटमध्ये असते. जुना कोड हे ‘बाइट शून्यापेक्षा लहान आहे का’ असं तपासत होता. आर्मवर तो कधीच शून्यापेक्षा लहान नसतो, म्हणून हेक्स ८१ म्हणजे सरळ १२९ ही लांबी धरली गेली आणि पुढचे सगळे टॅग सरकले. रोजच्या व्यवहारात हे दिसतच नाही, कारण बहुतेक मूल्यं १२७ बाइटांच्या आतली असतात. कार्ड देणाऱ्या बँकेने उत्तरात १२८ बाइटांची स्क्रिप्ट पाठवली तरच फुटतं. तुमच्या चाचणीच्या संचात असा एक संदेश मुद्दाम घाला. असाच दुसरा प्रकार ईबीसीडीआयसी (मेनफ्रेमची अक्षरांची जुनी सांकेतिक पद्धत) बदलण्याच्या तक्त्यात निघाला : बाइटमध्ये १२८ मिळवून तक्त्यात शोधणारा कोड आर्मवर तक्त्याच्या बाहेर वाचत होता, कारण ईबीसीडीआयसीमधले अंक हेक्स एफ० ते एफ९ असे वरच्या टोकाला असतात.

तात्पुरता उपाय म्हणजे कॅर साइन्ड धरायला लावणारा कंपायलरचा पर्याय. तो लावून चाचण्या हिरव्या होतात, आणि मग तो काढायची आठवण कुणाला राहत नाही. आम्ही तो लावला तो केवळ फरक शोधण्यापुरता. दोन्ही बिल्डवर तेच संदेश चालवले, जिथे उत्तर वेगळं आलं तिथला कोड आठ बिटांच्या अनसाइन्ड प्रकारावर नेला. जीसीसीची ‘टाइप-लिमिट्स’ ही सूचना चालू केली की कायम खोट्या ठरणाऱ्या तुलना कंपायलरच दाखवतो.

सगळ्यात अवघड दोष मेमरीच्या क्रमाचा. एक थ्रेड संदेश रिंग बफरमध्ये लिहितो आणि ‘तयार’ असा झेंडा लावतो, दुसरा झेंडा बघून संदेश उचलतो. झेंडा नुसता ‘व्होलाटाइल’ होता. एक्स८६ एका कोरने केलेली लिखाणं दुसऱ्याला त्याच क्रमाने दाखवतो, म्हणून वर्षानुवर्षं काही बिघडलं नाही. आर्म तशी हमी देत नाही. झेंडा आधी दिसू शकतो, संदेश नंतर. परिणाम म्हणजे एखाद्या उत्तरात मागच्या संदेशाचा स्टॅन (व्यवहाराचा माग ठेवणारा क्रमांक), म्हणजे फील्ड ११. पेमेंटमध्ये याचा अर्थ एकाचं उत्तर दुसऱ्याला. कमी भारावर हे दिसत नाही. सगळे कोर तापवल्यावर लाखात एखादं दिसतं. दुरुस्ती दोन ओळींची, अ‍ॅटॉमिक आणि ‘रिलीज-अ‍ॅक्वायर’, म्हणजे झेंडा दिसला की संदेशही दिसेलच अशी हमी. शोधण्यासाठी थ्रेड सॅनिटायझर वापरा. तो एक्स८६ वरही अशा जागा दाखवतो, म्हणजे आर्मचं मशीन येण्याआधीच हे काम उरकता येतं. जावाचा ‘व्होलाटाइल’ ही हमी देतो, त्यामुळे तिकडे फारसं काही निघालं नाही.

बाकीचं थोडक्यात. बाइटांचा क्रम दोन्हीकडे लिटल एन्डियनच, तेव्हा डिस्कवरच्या जुन्या फायली चालतात. ‘लाँग डबल’ एक्स८६ वर ८० बिटांचा, आर्मवर १२८ बिटांचा आणि तोही सॉफ्टवेअरमधून, म्हणजे संथ; पैशांच्या हिशेबात तो कुठेही असता कामा नये, पण फ्रॉड स्कोअरच्या कोडमध्ये सापडू शकतो. रेड हॅट ८ च्या घराण्यात आर्मवर मेमरीचं पान ६४ केबीचं असतं, ९ मध्ये ४ केबीचं. ४ केबी धरून बनवलेलं जेमॅलॉक (मेमरी वाटून देणारी लायब्ररी) ६४ वर सुरूच होत नाही, म्हणून थेट ९ घेतलं. कंपायलर जीसीसी १० किंवा पुढचा घ्या. त्यात नव्या अ‍ॅटॉमिक सूचना मशीन बघून आपोआप वापरल्या जातात, आणि ८० कोर एकाच काउंटरवर भांडतात तेव्हा फरक जाणवतो.

एन्क्रिप्शनचं निराळं मोजा. ‘ओपनएसएसएल स्पीड’ दोन्ही मशीनवर चालवा. एईएस आणि शा-२५६ ला आर्ममध्ये हार्डवेअरची मदत असल्याने तिथे चिंता नाही. पण एन१ वर आरएसए-२०४८ ची सही दर कोरमागे नव्या एक्स८६ पेक्षा संथ आहे, आणि यूपीआयच्या प्रत्येक संदेशावर सही लागते. कोर जास्त असल्याने एकूण क्षमता भरून निघते, एका सहीचा वेळ मात्र थोडा वाढतो. सही करणाऱ्या थ्रेडचा गट वेगळा ठेवला तर बाकीचे संदेश तिच्यामागे अडत नाहीत.

दिवाळी, परवाने आणि वाट पाहणं

ऑर्डर सप्टेंबर २०२४ मध्ये दिली. एक सॉकेटचे, एक यूचे (रॅकमधल्या एका खणाच्या उंचीचे) चार सर्व्हर. करांसह एकाला आठ-नऊ लाख पडले. जीएसटी १८ टक्के, आणि आम्हाला त्याचं क्रेडिट मिळतं. सर्व्हर एचएसएन (मालाच्या वर्गीकरणाचा क्रमांक) ८४७१ मध्ये मोडतात. त्यांच्या आयातीवर ऑगस्ट २०२३ मध्ये अधिसूचना निघाली आणि १ नोव्हेंबर २०२३ पासून आयातदाराला ऑनलाइन परवानगी घ्यावी लागते. शिवाय मॉडेलला बीआयएसची नोंदणी हवी. ही कामं विक्रेत्याची, पण कोटेशनच्या टप्प्यातच दोन्ही क्रमांक मागून घ्या. ‘प्रक्रियेत आहे’ असं उत्तर आलं तर तारखेत दोन महिने स्वतःच वाढवा. चाचणीसाठी एखादंच मशीन हवं असेल तर संशोधन आणि चाचणीसाठी एका खेपेत वीस नगांपर्यंत सूट आहे. डेमो युनिट त्या वाटेने लवकर येतं.

तशीही घाई करून उपयोग नव्हता. नवरात्र ते दिवाळी बँका कुठलाही बदल होऊ देत नाहीत. मार्चअखेरीलाही तेच. वर्षातला कामाचा काळ या दोन बंदींच्या मधलाच, म्हणून वेळापत्रक आखताना पंचांग आणि बँकांची फ्रीझ नोटीस दोन्ही समोर ठेवा.

त्या काळात आयपीचं काम केलं. प्रत्येक बँकेच्या फायरवॉलवर आपल्या सर्व्हरचे आयपी नोंदलेले असतात. नवा आयपी म्हणजे प्रत्येक बँकेकडे विनंती, तिथल्या सुरक्षा विभागाची मंजुरी, त्यांच्या बदल समितीची तारीख. एकेका बँकेला तीन आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंत. आमच्या बाजूला नॅट (आतले आयपी झाकून बाहेर दुसरेच दाखवणारी सोय) असल्यामुळे बाहेर दिसणारे आयपी तेच ठेवता आले. एका बँकेची लाइन थेट सर्व्हरच्या आयपीवर होती, तिथे नव्या सर्व्हरला जुनाच आयपी दिला. हे आधी तपासलं नाही तर सर्व्हर तयार आणि जोडणी नाही अशी अवस्था होते.

सर्व्हर डिसेंबरमध्ये आले. वागळे इस्टेटमधल्या ऑफिसात उघडून, फर्मवेअर अद्ययावत करून, जानेवारी २०२५ मध्ये महापेला नेले. राज्याच्या आत एक लाखाच्या वरच्या मालाला महाराष्ट्रात ई-वे बिल लागतं, माल स्वतःचाच असला तरी. सोबत डिलिव्हरी चलन. डेटा सेंटरच्या इनवर्ड पासवर प्रत्येक सर्व्हरचा सीरियल नंबर लिहिलेला हवा आणि तो चलनाशी जुळायला हवा. एक अंक इकडचा तिकडे झाला तरी टेम्पो गेटवर उभा राहतो. रेल आणि पॉवर केबल सुटे येतात; त्यांचीही नोंद करा, नाहीतर परत नेताना आउटवर्ड पास मिळत नाही. रात्रीचं काम असेल तर ठाण्याला परतायची गाडी आधी ठरवा, ट्रान्स-हार्बर तुमच्यासाठी थांबत नाही. कोल्ड आइलमध्ये चार तास बसायचं तर स्वेटर हवा, मे महिन्यातसुद्धा.

बूट फक्त यूईएफआयने (सर्व्हर सुरू करणाऱ्या नव्या पद्धतीच्या फर्मवेअरने) होतं. नेटवर्कवरून इन्स्टॉल करणाऱ्या सर्व्हरवर आर्मसाठी वेगळा बूटलोडर आणि वेगळी किकस्टार्ट फाइल ठेवावी लागते.

भाराखाली

८० कोरच्या मशीनवर जावा स्वतःच्या मनाने वागतो. गार्बेज कलेक्शनचे (न लागणारी मेमरी मोकळी करण्याचे) थ्रेड तो कोरच्या संख्येवरून ठरवतो : आठ, अधिक आठाच्या वरच्या कोरांचे पाच अष्टमांश. म्हणजे ८० कोरला ५३. एका सर्व्हरवर जावाच्या सहा प्रक्रिया असतील तर सगळ्यांचे मिळून तीनशेच्या वर थ्रेड, आणि दोन प्रक्रियांचं कलेक्शन एकाच वेळी आलं की लेटन्सीचा काटा उडतो. प्रत्येक प्रक्रियेला कोरची मर्यादा द्या, सीग्रुपने किंवा जावाच्या ‘अ‍ॅक्टिव्ह प्रोसेसर काउंट’ पर्यायाने. हे केल्यावर ९९ पर्सेंटाइल लेटन्सी (शंभरातले ९९ व्यवहार जेवढ्या वेळात उरकतात तो वेळ) जुन्या सर्व्हरपेक्षा स्थिर आली. प्रत्येक थ्रेडला स्वतःचा पूर्ण कोर मिळतो, त्याचा हा फायदा.

प्रत्यक्ष व्यवहार रेकॉर्ड करून नव्या मशीनवर पुन्हा चालवावेत असा मोह होतो. पीसीआय डीएसएसच्या (कार्डाच्या डेटाच्या सुरक्षेचं मानक) नियमांत ते बसत नाही. पिन ब्लॉक, म्हणजे फील्ड ५२, मंजुरीनंतर साठवता येत नाही, आणि खरे कार्ड नंबर चाचणीच्या वातावरणात आणता येत नाहीत. आणायचेच तर त्या वातावरणालाही पूर्ण संरक्षण द्यावं लागतं. सिम्युलेटर, खोटी कार्डं आणि एचएसएममध्ये चाचणीच्या वेगळ्या की, एवढ्यावरच भागवा. जुन्या-नव्या उत्तरांची तुलना बाइट-बाइट करा, वेळेची फील्डं, स्टॅन आणि आरआरएन (व्यवहाराचा संदर्भ क्रमांक) सोडून.

फेब्रुवारीत एकच नोड चालू केला, तोही एका छोट्या बँकेच्या वाहतुकीसाठी. ०८०० संदेशाने साइन-ऑन, मग एको (जोडणी चालू आहे का ते बघणारा संदेश), मग खरे व्यवहार. बघायचं काय? सीपीयूचा आलेख नव्हे, ०४२० (व्यवहार उलटवणारा रिव्हर्सल संदेश) बघा. उत्तर वेळेत आलं नाही की रिव्हर्सल सुटतं, आणि रिव्हर्सलचं प्रमाण वाढणं हे बिघाडाचं पहिलं चिन्ह. त्याला पैशांची बाजूही आहे. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, स्वाइप मशीनवर खात्यातून पैसे कापले गेले पण दुकानदाराला पुष्टी मिळाली नाही, तर टी+५ (व्यवहाराच्या दिवसानंतर पाच) दिवसांत ते परत जावे लागतात; पुढे ग्राहकाला दिवसाला १०० रुपये. सोबत फील्ड ३९ मधल्या ९१ (बँकेकडून उत्तर मिळत नाही) आणि ६८ (उत्तर उशिरा आलं) या कोडवर अलर्ट लावा.

मार्चच्या फ्रीझमध्ये जुने आणि नवे नोड शेजारी-शेजारी चालले. हे मुद्दाम केलं होतं, कारण वर्षअखेरचा भार दोन्हींवर एकदम मोजता आला. उरलेले नोड एप्रिल-मेमध्ये, रात्री एक ते चारच्या वेळेत, एकामागून एक हलवले. प्रत्येकानंतर निदान एक आठवडा थांबायचं आणि त्यात एक पगाराचा दिवस यायला हवा, असा नियम ठेवला.

ऑडिट

पीसीआय डीएसएस ४.०.१ मध्ये हा ‘मोठा बदल’ ठरतो. कलम ६.५.२ प्रमाणे, लागू असलेल्या सगळ्या अटी नव्या मशीनवर पूर्ण आहेत हे दाखवावं लागतं. आतले-बाहेरचे स्कॅन पुन्हा, पेनिट्रेशन टेस्ट पुन्हा (आमच्या आकाराला दीड-दोन लाख), नेटवर्कची आकृती नवी, मालमत्तेची यादी नवी. पुढे ढकललेल्या अटी ३१ मार्च २०२५ पासून बंधनकारक झाल्या, त्यामुळे त्या वर्षी ऑडिटर अधिक खोलात गेले. हार्डनिंगचा (सर्व्हर सुरक्षित करण्याच्या सेटिंगचा) दस्तऐवज आर्मसाठी वेगळा मागितला गेला. एक्स८६ चाच दस्तऐवज नाव बदलून देऊ नका, त्यातल्या बूट आणि फर्मवेअरच्या तपासण्या जुळत नाहीत. स्कॅनरला आर्मवरची पॅकेजं नीट ओळखता येतात का तेही पडताळा. शून्य दोष दाखवणारा अहवाल आला की आधी स्कॅनरने लॉगिन केलं होतं का ते बघा.

सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार १८० दिवसांचे लॉग जपायचे असतात. जुना सर्व्हर बंद केला म्हणून त्याचे लॉग संपत नाहीत, ते आधी मध्यवर्ती ठिकाणी हलवा. घड्याळ एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या एनटीपीशी (नेटवर्कवरून वेळ देणारी सेवा), किंवा त्यांच्याशी जुळवलेल्या सर्व्हरशी लावलेलं असल्याचा पुरावा नव्या मशीनवरूनही द्यावा लागतो.

हिशेब

सहाऐवजी चार सर्व्हर. सरासरी वापर सहा गुणिले ३०० म्हणजे १,८०० वॅटवरून चार गुणिले १८० म्हणजे ७२० वर. बचत १.०८ किलोवॅट. वर्षाचे ८,७६० तास धरले की सुमारे ९,४६० युनिट. डेटा सेंटर कूलिंगचा खर्च पीयूईने (एकूण वीज भागिले सर्व्हरची वीज) लावतं. आपल्या दमट हवेत १.६ धरला तर १५,१०० युनिट, आणि युनिटला १० रुपये धरले तर वर्षाला दीड लाखाच्या आसपास. चार सर्व्हरची किंमत चौतीस लाखांच्या घरात. म्हणजे नुसत्या वीजबिलासाठी चांगले चालू सर्व्हर काढून हे करू नका, हिशेब बसत नाही. आमचे सर्व्हर वॉरंटीच्या शेवटाला आले होते, नवे घ्यायचेच होते. खरा फायदा रॅकमध्ये मोकळ्या झालेल्या किलोवॅटभर विजेचा. तेवढ्यात पुढची वाढ बसली आणि नव्या रॅकचं भाडं टळलं.

डीआर साइट (मुख्य जागा बंद पडली तर वापरायची दुसरी जागा) अजून एक्स८६ वर आहे. ती पुढच्या खरेदीत. तोवर प्रत्येक रिलीज दोन्ही प्रोसेसरांवर बनवून दोन्हींवर तपासावा लागतो, हा खर्च आधीच धरून ठेवा.

जुने सर्व्हर जूनअखेर उतरवले. डिस्क बाहेर पाठवण्याआधी डेटा सेंटरच्या आवारातच फोडून घेतल्या, दोघांच्या सह्या आणि प्रत्येक डिस्कच्या सीरियल नंबरसह. उरलेले डबे ई-कचरा नियम २०२२ खाली नोंदणी असलेल्या रिसायकलरला दिले. त्याचं प्रमाणपत्र जुलैत आलं. त्यावरचे सीरियल नंबर आउटवर्ड पास आणि मालमत्तेच्या यादीशी ताडून बघा आणि मगच बिल चुकतं करा. पैसे गेल्यावर दुरुस्त प्रत मिळवणं फार कठीण जातं.